दत्तोपंत उतरले कुठे

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला गोदावरीबाईंच्या घरातला जुना फोन वाजला, तेव्हा तो आपल्याच घरात वाजतोय हे त्यांना आधी पटलंच नाही. त्या फोनवर आता कोणीच फोन करत नसे. महापुरात पहिलं यंत्र पाण्यात गेलं, तेव्हा तो बंद करून टाकायची चांगली संधी होती. पण दत्तोपंतांनी आठ महिने खेटे घालून तोच नंबर परत चालू करून घेतला होता. मग तो कपाटावर नुसता बसून राहिला. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालावर धूळ.

"वयनी, वाजतोय जनू," ओटीवर आडव्या झालेल्या चंद्राबाई म्हणाल्या.

चंद्राबाई कुडपणच्या. दर मंगळवारी पहाटेच्या गाडीनं डोंगर उतरून पोलादपूरला यायच्या, तिथून महाडला. काकड्यांची टोपली बाजारात रिकामी करायची, उरलेली एक-दोन तवशी गोदावरीबाईंकडे द्यायची, तिथेच जेवायचं आणि पाचच्या गाडीपर्यंत ओटीवर पाठ टेकायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. ओळख दत्तोपंतांमुळे झालेली. ते पोलादपूरला पोस्टमास्तर असताना कुडपण-उमरठच्या चाकरमान्यांची मुंबईहून आलेली पत्रं लोकांना वाचून दाखवायचे. पुढे महाडला बदली झाली, इथेच निवृत्त झाले, पण ती माणसं सुटली नाहीत.

गोदावरीबाईंनी फोन उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग कोणीतरी बाई भलत्याच भाषेत काहीतरी बोलली, आणि मग दत्तोपंतांचा आवाज.

"गोदावरी का?"

"अहो, तुम्ही? या फोनवर?"

"ऐक. मी बसमधून उतरलोय. मला आमोदच्या घराचा पत्ता आठवत नाहीये."

गोदावरीबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ज्या माणसाला महाडमधली गल्ली न् गल्ली, कोणाच्या घराचं दार कुठे उघडतं तेसुद्धा पाठ, त्याच्या तोंडचं हे वाक्यच नव्हे. त्यांनी विचारलं, "तुम्ही आहात कुठे?"

"लोरियाँला," दत्तोपंत म्हणाले, आणि फोन तुटला.

गोदावरीबाई यंत्र हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. लोरियाँ. हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आमोद ज्या गावात राहत होता ते लोरिएंट. दिवाळीच्या फराळाच्या खोक्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ती अक्षरं लिहिली होती. मुलगा फोनवर बोलताना नेहमी 'इथे' म्हणायचा, दत्तोपंतही 'इथे'च म्हणायचे. त्यामुळे गावाचं नाव त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की नवरा बसमध्ये बसला, मुलाच्या गावाहून दुसऱ्याच कुठल्या गावात उतरला आणि परत कसं जायचं ते त्याला ठाऊक नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. दत्तोपंत तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेले होते, एकटेच. बेत ठरला होता दोघांचा. पण ठरवताना त्यांनी गोदावरीबाईंना विचारलं नव्हतं. पासपोर्टचा अर्ज परस्पर भरून आणला आणि सही करायच्या जागी पेन्सिलनं बारीक फुली मारून तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, आणि सेहेचाळीस वर्षं गोदावरीबाई अशा फुल्यांवर सह्या करत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी केली नाही. कारण विचारलं तर त्यांना सांगता आलं नाही. विमानाची भीती वाटते म्हणाल्या, गुडघ्याचं निमित्त काढलं. दत्तोपंतही पुन्हा बोलले नाहीत, जुलैत बॅग भरून गेले. तेव्हापासून आमोदच्या फोनवरून आठवड्यातून एकदा दोन वाक्यं हवेबद्दल, एक जेवणाबद्दल, एवढंच.

आणि आता हा फोन.

त्यांनी मोबाइलवरून आमोदला लावला. वाजून वाजून बंद झाला. आमोद शर्यतीच्या शिडांच्या होड्या बांधायच्या कारखान्यात होता, कामाच्या वेळी फोन बाहेर कपाटात ठेवावे लागत. सून अनुपमा दोन दिवसांसाठी कामानिमित्त पॅरिसला गेलेली. तिचा फोन बंदच होता. घरच्या फोनवर बाहेरचा नंबर दिसायची सोय नव्हती, आणि त्यावरून परदेशी फोनही लागत नव्हता. म्हणजे दत्तोपंत फोन करतील तेव्हाच. नाही केला तर काय, हे गोदावरीबाईंना सुचेना.

चंद्राबाई उठून बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "माजा सुनील हाय ना बिरवाडीला. सुट्टीवर आलाय. सगळी बंदरं हिंडलाय तो. त्येला बोलवू?"

सुनील चंद्राबाईंचा थोरला. पंधरा वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी, आता चाळिशी उलटलेली. बायकोमुलांसाठी बिरवाडीत दोन खोल्या घेतल्या होत्या आणि वर्षातून चार महिने तिथे असायचा. तो वीस मिनिटांत मोटरसायकलवरून आला, चपला काढल्या, आणि खाली बसायच्या आत म्हणाला, "काकी, टेन्शन नको. गावाचं स्पेलिंग सांगा."

गोदावरीबाईंनी फराळाच्या खोक्याची पावती काढून दिली. सुनीलनं ती वाचली आणि हसला.

"अहो, हेच लोरियाँ. ते लोक शेवटचं अक्षर खातात. काका गावातच हायत."

गोदावरीबाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांचा आणखी गोंधळ झाला. गावातच आहेत, तर मग बसनं गेले कुठे? आणि दोन महिने ज्या गावात राहिले, तिथे चुकले कसे?

सुनीलनं मोबाइलवर नकाशा उघडला. पावतीवरचा पत्ता टाकून आमोदचं घर काढलं, बोटांनी मोठं करून गोदावरीबाईंना दाखवलं. निळं पाणी जमिनीत हातभर आत शिरलेलं आणि त्याच्या काठानं रस्तेच रस्ते. तो स्वतः या गावी कधी गेला नव्हता. पण बंदराचं गाव म्हणजे बंदराचं गाव, असं त्याचं म्हणणं. पाणी कुठल्या हाताला आहे हे कळलं की माणूस सापडतो.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. या वेळी दत्तोपंतांनी एका तरुण जोडप्याचा फोन मागून घेतला होता. सुनीलनं यंत्र सगळ्यांना ऐकू येईल असं धरून आधी पत्ता वाचला; दत्तोपंतांना तो लक्षात राहीना, तेव्हा विचारलं, समोर काय दिसतंय. दत्तोपंत सावकाश, तार वाचून दाखवावी तसे सांगू लागले. उजव्या हाताला जुनी दगडी भिंत, भिंतीवर तोफा ठेवायच्या खाचा. किल्लाच तो. समोर पाणी. पाण्यापलीकडे शहर.

"किल्ला मंजे रायगडासारका?" चंद्राबाईंनी हळूच विचारलं.

सुनील नकाशावर किल्ला शोधत होता. लोरियाँ शहरात त्याला कुठेच किल्ला दिसेना. गाव युद्धात बॉम्ब पडून सपाट झालं होतं आणि नंतर सगळं नव्यानं बांधलेलं, असं त्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं. जुनी भिंत उरेल कुठून? शेवटी त्याला बंदराच्या तोंडाशी युद्धातल्या पाणबुड्यांसाठी बांधलेली काँक्रीटची अजस्र कोठारं सापडली. हाच काकांचा किल्ला, असं त्यानं ठरवलं. आणि आमोदचा कारखाना तिथून जवळच. त्यानं दत्तोपंतांना ठणकावून सांगितलं की पाणी डाव्या हाताला ठेवायचं आणि भिंतीच्या कडेकडेनं सरळ चालायचं, दहा मिनिटांत मोठाले दरवाजे लागतील.

दत्तोपंत बरं म्हणाले. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं,

"गोदावरी आहे का तिथे?"

"आहे ना," गोदावरीबाई म्हणाल्या.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग वाट बघणं आलं. चंद्राबाईंनी आपणहून चहा टाकला. सुनील नकाशावर बोट फिरवत, काका आता इथे असतील, आता इथे, असं सांगत होता आणि गोदावरीबाई त्या बोटाकडे बघत होत्या. त्यांना एकीकडे वाटत होतं की हे सगळं त्या पेन्सिलच्या फुलीमुळे झालं. आपण सोबत असतो तर हे एकटे बाहेर पडलेच नसते. दुसरीकडे वाटत होतं की आपण असतो तरी काय केलं असतं? आयुष्यभर आपण त्यांच्या मागून चाललो. ते चुकले असते तर आपणही त्यांच्याबरोबर चुकलो असतो. मग फोन तरी कोणाला केला असता? आणि मनात तिसरीच गोष्ट घोळत होती, ती सगळ्यांत विचित्र. दोन महिने ज्यांच्याशी धड बोलणं नाही, त्यांना पत्ता विसरल्यावर नेमका आपलाच नंबर आठवावा, याचं वाईट वाटून घ्यायचं की बरं, तेच कळत नव्हतं.

पावणेपाचला तिसरा फोन आला. दत्तोपंतांना धाप लागली होती.

"दरवाजे काही लागले नाहीत," ते म्हणाले. "भिंत संपली. आता वाळू आहे. लोक पोहतायत."

सुनीलनं नकाशा उलटा केला, सुलटा केला. तिथे वाळूचा किनारा असायचं काही कारणच नव्हतं. "काका, तुम्ही नक्की लोरियाँलाच हाय ना?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजातला मघाचा भरवसा गेला होता. तो प्रश्न दत्तोपंतांनी स्वतःलाही विचारला असावा.

गोदावरीबाईंनी सुनीलच्या हातून फोन घेतला. काय विचारायचं ते ठरवलेलं नव्हतं. पण सेहेचाळीस वर्षं त्या या माणसाचे सदऱ्याचे खिसे धुण्याआधी रिकामे करत आल्या होत्या, आणि त्यात काय काय सापडतं ते त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं.

"अहो, खिशात बसचं तिकीट असेल बघा," त्या म्हणाल्या. "ते वाचा. एकेक अक्षर वाचा. घाई करू नका."

खिसा चाचपल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा आला. दत्तोपंतांनी वाचलं. "बी. ए. टी. ओ. बी. यू. एस."

सुनीलनं कपाळाला हात लावला.

"काकी, बातो म्हंजे त्यांच्यात बोट. काका बसनं गेलेच नाय. बोटीनं गेले."

आणि खरंच तसं होतं. त्या बंदरात खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या लहान बोटी चालतात आणि लोक त्यांना बोट-बस म्हणतात. आमोदच्या घरात तिचं नुसतं 'बस' झालं होतं, आणि दत्तोपंतही दोन महिन्यांत तसंच म्हणायला लागले होते. बोटीत बसतोय की बसमध्ये, हे वेगळं सांगायची गरज त्यांना वाटलीच नाही. सुनीलनं नकाशा सरकवला. पाण्याच्या पलीकडच्या काठावर दुसरंच गाव होतं, पोर-लुई नावाचं. तिथे तटबंदी होती, तटाच्या पायथ्याशी वाळू होती, सगळं दत्तोपंतांनी सांगितलं तसंच्या तसं. ते पहिल्यापासून बरोबर सांगत होते. चुकीच्या काठावर शोधत होता तो सुनील.

गोदावरीबाईंनी फोनवर सावकाश समजावलं. पाण्यापलीकडे जे शहर दिसतंय तेच आमोदचं. जिथे उतरलात त्याच धक्क्यावर परत जा, कोणालाही तिकीट दाखवा, ते दाखवतील. बोटीनं पलीकडे उतरा आणि उतरल्या जागी बसून राहा. आमोद येईल. एक पाऊल पुढे टाकू नका.

"मी दादली पुलापलीकडे उभा आहे असं वाटलं मला," दत्तोपंत मध्येच म्हणाले. "समोर नदी, नदीपलीकडे आपलं गाव. पण पूल दिसेना. खूप वेळ पूल शोधला."

गोदावरीबाई एवढंच म्हणाल्या, "पूल नाहीये तिथे. बोटीनं जा."

पुढचा दीड तास कसा गेला ते त्यांना नंतर कधी नीट सांगता आलं नाही. चंद्राबाईंची पाचची गाडी गेली. त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. सुनील म्हणाला, आई आज बिरवाडीला राहील. आमोदला सत्तावीस फोन झाले. अठ्ठाविसावा त्यानं उचलला. आईनं सांगितलेलं ऐकून त्याला काही उमगेना. बाबा तर घरी असायला हवेत, ते धक्क्यावर कसे, आणि हे महाडला आधी कसं कळलं? गोदावरीबाई म्हणाल्या, ते नंतर, आधी जा.

साडेसहाला आमोदनं व्हिडिओ फोन केला. धक्क्यावरच्या बाकावर दत्तोपंत बसले होते, टोपी मांडीवर, चेहरा उन्हानं लाल झालेला. आमोद म्हणत होता की बाबा ठीक आहेत, थोडे दमलेत, अशी चूक कोणाचीही होईल, पलीकडच्या काठावर त्याचाही सुरुवातीला गोंधळ व्हायचा. बोलता बोलता तो जरा जास्तच बोलत होता. सुनील आणि चंद्राबाई दिसल्यावर दत्तोपंतांनी त्यांना नमस्कार केला. चंद्राबाईंनी विचारलं, जेवलात काय? ते म्हणाले, नाही.

मग त्यांनी आमोदला थोडं लांब जायला सांगितलं.

"मी रोज जातो तिकडे," ते गोदावरीबाईंना म्हणाले. "आठ-दहा दिवस झाले. तटावर बसतो, दोन वाजता परत येतो. आमोदला सांगितलं नव्हतं. आज तिकडे उतरलो, आणि कुठे जायचं तेच गेलं डोक्यातून. पत्ता गेला, आमोद कुठल्या बाजूला राहतो ते गेलं. आपला नंबर तेवढा होता."

"घाबरलात?"

"हो," दत्तोपंत म्हणाले.

अशी कबुलीही त्यांनी यापूर्वी कधी गोदावरीबाईंजवळ दिली नव्हती. गोदावरीबाईंनी खूप काही विचारायचं ठरवलं होतं. रोज तिकडे का जाता? एकटे का जाता? माझ्याशी का बोलत नाही? पण समोर लाल चेहऱ्याचा, टोपी कुरवाळणारा माणूस बघून त्यातलं एकही विचारवलं नाही. त्यांनी आधी जेवून घ्यायला सांगितलं आणि उद्या कपाटावरच्याच फोनवर फोन करा म्हणाल्या. आमोदला मध्ये घ्यायचं कारण नाही.

त्यानंतर दत्तोपंत रोज दुपारी साडेतीनला फोन करू लागले. कुठे कुठे चाललो ते सांगायचे. आता आमोदनं पत्त्याची चिठ्ठी त्यांच्या खिशात घातली होती, फोन गळ्यात अडकवून दिला होता. गोदावरीबाई नातीची शाळा, माशांचा बाजार, भरती-ओहोटीला वर-खाली होणाऱ्या होड्या, एकसारख्या दिसणाऱ्या नव्या इमारतींच्या रांगा, सगळं ऐकायच्या आणि सुनीलनं त्यांच्या मोबाइलवर घालून दिलेल्या नकाशावर बोट ठेवत जायच्या. कधी त्यांचं सांगणं नकाशाशी जुळायचं, कधी जुळायचं नाही. न जुळलेल्या दिवशी चूक नकाशाची, त्यांची की आपल्या बोटाची, हे त्यांना ठरवता यायचं नाही.

ऑक्टोबरात दत्तोपंत परत आले. महाडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे दोन तपासण्या झाल्या. एक चांगली आली. दुसरीबद्दल डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ही बातमी चांगली की वाईट, हे गोदावरीबाईंनी आमोदला विचारलं, सुनीलला विचारलं, आणि दोघांनी दोन वेगवेगळी उत्तरं दिली. घरात तर काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. पेपर वाचणं, वाद घालणं, कोणाचं घर कोणाच्या मागे ते सांगणं, सगळं पूर्वीसारखं.

फक्त संध्याकाळी फिरायला जाताना आता गोदावरीबाई बरोबर जातात. गुडघा दुखतो, तरी जातात. पूर्वीसारख्या मागून नाही, शेजारून.

गेल्या आठवड्यात बाजारपेठेच्या तोंडाशी दत्तोपंत नेहमीच्या वळणावर वळले नाहीत. सरळच चालत राहिले. गोदावरीबाईही शेजारून निघाल्या. मुद्दाम चालले असतील, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, नसतील. विचारावं तर त्यांना लागेल, न विचारावं तर आपण कुठवर जाणार? असं चालत चालत दोघं गांधारी नदीच्या काठाशी येऊन पोचली. पाणी संथ होतं, पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होतं.

दत्तोपंत थांबले. इकडे तिकडे बघितलं.

"आपण इकडे कशाला आलो गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी तुमच्याबरोबर आले."

यावर दत्तोपंत जरासे हसले, आणि ते हसणं कसलं होतं तेही गोदावरीबाईंना कळलं नाही. काठावर एक सपाट दगड होता. त्यांनी पदरानं तो पुसला, आणि दोघं त्यावर बसली, म्हशी बाहेर निघेपर्यंत.